कर्जत-खालापूर : सहकुटुंब वनभ्रमणाच्या वाटा

रायगड जिल्ह्याच्या ईशान्य अंगास, सह्याद्रीच्या मुख्य धारेला पाठ टेकून वसलेल्या कर्जत आणि खालापूर या लगतच्या तालुक्यांतील वनाच्छादित डोंगरांवरून जाणाऱ्या, आणि मुलाबाळांसह व वडीलधाऱ्यांसह एका दिवसात चालून परतण्याजोग्या पायवाटा. हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात मोडत असे व १८८२ च्या गॅझेटिअरात त्याची माहिती ठाण्याच्या खंडातच सापडते. पुढे तो कुलाब्यास जोडला गेला, आणि कुलाब्याचे १९८१ पासून रायगड असे नामांतर झाले. उत्तरेकडील पाणी उल्हास नदी वसईच्या खाडीकडे नेते, दक्षिणेकडील पाणी पाताळगंगा व अंबा या नद्यांवाटे धरमतरच्या खाडीस मिळते, आणि पश्चिमेस मुख्य धारेपासून तुटून माथेरानचा डोंगर उभा आहे.

माथेरानावरील फिरण्याच्या रस्त्यांचा अपवाद सोडल्यास या वाटा हौशी पदयात्रिकांसाठी कोणी आखलेल्या नाहीत. कोकणातले मीठ वर नेण्यासाठी आणि घाटमाथ्यावरचे धान्य खाली आणण्यासाठी, देवदर्शनासाठी, आणि ठाकूर, कातकरी व महादेव कोळी वस्त्यांच्या नित्य रहदारीसाठी त्या पिढ्यान्‌पिढ्या मळत गेल्या. त्यांच्या अस्तित्वाचा दस्तऐवज म्हणजे केवळ वहिवाट होय. लहान मुलास घेऊन कोणत्या वाटेने जावे याचा निर्णयही या वहिवाटीवरूनच करणे इष्ट. डोंगरपायथ्यापासून माचीवरील गावापर्यंतची वाट बहुधा सौम्य असते, कारण तिच्यावरून मोळीचे ओझे डोक्यावर घेतलेल्या बायांना रोज उतरावयाचे असते. माचीच्या वर कातळात शिरणारी गडाची वाट मात्र, परक्याने तेथवर पोहोचूच नये या हेतूने, बुद्ध्याच अवघड ठेवलेली असते. एक वाट माणसाला नेण्यासाठी झाली, दुसरी त्याला अडवण्यासाठी. आणि या भागातील बरेच अपघात हा भेद न ओळखल्यामुळे होतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या भेदाचे उत्तम उदाहरण म्हणजे कोथळीगड, ज्यास लोक त्याच्या माचीवरील गावावरून पेठचा किल्ला असेच म्हणतात. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवली गाठावे आणि तेथून रुंद, वळणावळणाच्या वाटेने पेठेस चढावे; कोणीही दमाने चालल्यास ही चढण जड जात नाही, आणि नरसाळे उपडे घालावे तसा गडाचा सुळका या वाटेवर बराच वेळ दृष्टीपुढे राहतो. सुळक्याच्या तळाशी कोरीव खांबांची प्रशस्त गुहा व पाण्याचे टाके आहे. तिच्या शेजारून सुळक्याच्या पोटातूनच पायऱ्या खोदून वर काढल्या आहेत. दोन्ही बाजूंस कातळ असल्याने उघड्या कड्याची भीती येथे वाटत नाही, तरी पायऱ्यांची उंची लहान पायांच्या मानाने जास्त आहे. संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, १६८४ साली, हा गड फितुरीमुळे मोगलांच्या हाती गेला. तो पाहिल्यावर अशा जागी फितुरीवाचून दुसरा उपाय शत्रूपाशी नसावा, हे मुलांनाही सांगावे लागत नाही.

उल्हास खोऱ्याच्या माथ्याकडे, कोंदिवडे गावाहून राजमाचीस जाणाऱ्या जुन्या वाटेवर, कोंडाणे लेणी आहेत. त्यांच्यापर्यंतची चाल दाट रानातून, ओढ्यांच्या कडेने, सावलीतून जाते. ऐन, किंजळ, हिरडा, करवंदीची जाळी आणि कित्येक वर्षांतून एकदा सामुदायिक फुलोरा येणारी कारवी ही या वाटेची सोबत आहे. लेणी बौद्ध असून पश्चिम भारतातील प्राचीनतम शैलगृहांत त्यांची गणना होते. येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर लाकडी बांधकामाची नक्कल दगडात उतरवलेली आहे, आणि कण्ह नामक गुरूचा शिष्य बलक याने हे काम केल्याची नोंद ब्राह्मी लिपीत आहे. इतक्या पुरातन काळच्या कारागिराने आपले नाव मागे ठेवावे, ही गोष्ट विरळा. पावसाळ्यात वरच्या कड्यावरून पडणारी धार लेण्यांच्या तोंडावर पडद्यासारखी उतरते. येथून पुढे राजमाचीच्या उधेवाडीपर्यंतची चढण खडी व दमछाक करणारी आहे. सहकुटुंब आलेल्यांनी लेण्यांपाशीच शिदोरी सोडून परत फिरणे शहाणपणाचे. राजमाची पाहावयाचीच असल्यास लोणावळ्याकडून येणारी लांब पण बरीचशी सपाट वाट धरावी. श्रीवर्धन व मनरंजन या जोडबालेकिल्ल्यांचा तो मुलूख मावळ तालुक्यात, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या सरहद्दीत येतो.

वाट निवडण्यात चूक झाल्यास काय होते हे खांडस येथे सर्वांत स्पष्ट दिसते. या गावाहून भीमाशंकरास दोन वाटा चढतात : एक गणेशघाटाची, दीर्घ परंतु यात्रेकरूंच्या पायांनी रुळलेली, आणि दुसरी शिडीघाटाची, जवळची म्हणून मोह पाडणारी, पण कातळाच्या अंगाने शिड्यांवरून नेणारी. मुलांसह पहिलीच धरावी, व तीही सर्वस्वी चढून जाण्याचा हट्ट न धरता. सांडशी गावाच्या माथ्यावरील ढाकच्या बहिरीचे स्थान तर या नोंदीच्या कक्षेबाहेरच मानले पाहिजे. तेथील कातळावर दोराला धरून चढणारे भाविक व गिर्यारोहक पुष्कळ असले, तरी तो मार्ग पोराबाळांचा नव्हे.

कर्जतच्या जवळ वदप-गौरकामतचा भिवगड हा छोटा व अर्ध्या दिवसात उरकणारा गड आहे. कातळात खोदलेली टाकी पाहावी आणि उतरावे. सोंडेवाडीहून चढणाऱ्या सोंडाईवर शेवटच्या टप्प्यास लोखंडी शिड्या आहेत, मात्र तेथवरच्या सोंडेवरूनही मोरबे धरणाचा जलाशय चांगला दिसतो. खालापूर तालुक्यातील चौकनजीकचा इर्शाळगड, त्यावरील नेढ्यामुळे, पूर्वी अशा यादीत हटकून असे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या उतारावरील इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली; २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण अखेरपर्यंत सापडले नाहीत. ज्या वस्तीच्या येण्याजाण्याने ती वाट जिवंत होती ती वस्तीच तेथे उरली नाही, म्हणून तिचा समावेश येथे केलेला नाही.

अगदी लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असल्यास माथेरानास पर्याय नाही. ठाण्याचा जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट हा १८५० साली चौकच्या बाजूने या पठारावर चढला, आणि पुढे येथे थंड हवेचे ठिकाण वसले. नेरळहून येणारी अरुंद मापाची आगगाडी आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या उद्योगाने १९०७ मध्ये सुरू झाली. दस्तुरी नाक्यापुढे खाजगी मोटारींस मनाई असल्याने, तांबड्या मातीच्या सावलीच्या रस्त्यांवर मुलास हात सोडून चालू देता येते; ही सोय महाराष्ट्रात अन्यत्र दुर्मीळ आहे. घोड्यांना वाट मात्र द्यावी लागते, आणि खाण्याची पिशवी माकडांपासून जपावी लागते.

दसऱ्यापासून शिवरात्रीपर्यंतचा काळ सर्वोत्तम. वैशाखात उन्हाचा ताप असला तरी करवंदे व जांभळे तेव्हाच पिकतात, आणि पहिल्या पावसाच्या तोंडाशी राजमाचीच्या रानात काजव्यांनी झाडे लगडतात. भर पावसाळ्यात ओढे तासाभरात फुगतात, शेवाळलेला कातळ पाय ठरू देत नाही, आणि धबधब्यांच्या जागी प्रशासनाचे मनाईहुकूम अनेकदा निघतात. ते मोडण्यात पुरुषार्थ मानणाऱ्यांची संख्या, खेदाची गोष्ट, कमी नाही. मुलाच्या कोवळ्या वयापेक्षा त्याच्या बरोबरच्या वडिलांचा उतावीळपणाच वाटेत अधिक नडतो.

न चढता पाहण्याजोगे एक स्थळ खालापूर तालुक्याच्या दक्षिणेस आहे. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळल्यावर चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या पात्रालगत, उंबरखिंडीचे स्मारक लागते. घाट उतरून या अरुंद, झाडीने झाकलेल्या खोऱ्यात शिरलेल्या कारतलबखानाच्या फौजेस शिवाजी महाराजांनी २ फेब्रुवारी १६६१ रोजी येथे कोंडले, आणि तिला शस्त्रे व सामान टाकून निघून जावे लागले. नदीकाठाने थोडे चालले की, पुढची व मागची तोंडे अडवल्यावर मधल्या सैन्यास कोठेच का वळता आले नसेल, हे मुले आपणहूनच दाखवू लागतात.

परतीचा मुक्काम खोपोलीस करावा. कर्जतहून खोपोलीपर्यंत लोहमार्ग १८५६ मध्येच आला होता, आणि १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ खुला होईपर्यंत पुण्याकडे जाणाऱ्या उतारूंना येथे उतरून घाट डोलीने, घोड्यावर किंवा पायी चढावा लागे. त्याच्याही आधीच्या काळी, याच घाटाच्या पायथ्याशी, नाना फडणविसांनी महादेवाचे देऊळ आणि मोठे तळे बांधविले. ते अद्याप आहे, आणि दिवसभर चाललेल्या मुलांना गाडीची वेळ होईपर्यंत त्याच्या काठी बसविता येते.