पट्टीखालचा गळा

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतरच्या वर्षांत माझे बालपण चिटगुप्प्यात गेले. गुरुवारच्या भजनात माणिकप्रभूंची पदे आम्ही पेटीच्या साथीने म्हणत असू. आकाशवाणीवर मात्र पेटी ऐकू येत नसे. १९४० पासून १९७१ पर्यंत तिला तेथे मज्जाव होता. तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती साधत नाहीत, हा मुख्य आक्षेप. आमचे पेटीवाले बुवा म्हणत, ‘पेटी आपणहून गात नाही, तिला गावयास लावावे लागते.’ त्या बोलण्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी एका परदेशी रचनेने उलगडून दाखविला.

ती रचना म्हणजे पोलंडमध्ये जन्मलेले संगीतकार फ्रेडरिक शोपँ (१८१०–१८४९) यांचे १८३२ साली प्रसिद्ध झालेले पियानोवरील ‘नॉक्टर्न’, कृती ९, क्रमांक २. नॉक्टर्न म्हणजे रात्रगीत; हा प्रकार आयर्लंडच्या जॉन फील्ड यांनी रूढ केला. शोपँ आणि आपले माणिकप्रभू (१८१७–१८६५) समकालीन होत. आणखी एक योग असा की, शोपँ पॅरिसला राहत असतानाच, १८४२ मध्ये, त्याच शहरात अलेक्झांद्र दबॅं यांनी हार्मोनियमचे पेटंट घेतले.

पियानोची अडचण पेटीहूनही मोठी. पेटीचा स्वर भात्याच्या वाऱ्यावर टिकतो. पियानोत हातोडी तारेवर पडते आणि त्या क्षणापासून स्वर विरत जातो. मींड तर दोहोंतही नाही. शोपँ यांनी यावर उपाय शोधला तो गायकांकडून. इटालियन गायकांचे गायन ऐका, असे ते शिष्यांना सांगत. या रचनेत डावा हात खर्जाचा एक स्वर आणि मागोमाग दोन स्वरसमूह अशी संथ चाल धरून ठेवतो. उजवा हात त्यावर किंचित रेंगाळत, किंचित घाई करीत गातो. तबल्याने ठेका धरावा आणि गवयाने लयीशी खेळावे, तसाच हा प्रकार. मुखडा पुन:पुन्हा येतो, पण प्रत्येक खेपेस नवी मुरकी, नवा कंप, लहानशी तान घेऊन. विरणाऱ्या स्वराची पोकळी हे अलंकार भरून काढतात. त्यांना केवळ शोभा म्हणता येत नाही; ते काढले तर गाणेच तुटेल.

हा ख्याल नव्हे, हेही सांगितले पाहिजे. येथील अलंकार कागदावर लिहून दिलेले आहेत, आणि स्वरांचा रंग पालटतो तो डाव्या हातातील स्वरसमूह बदलल्याने. परंतु गाण्याची ओढ एकच. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी भास्करबुवा बखले यांना पेटीची साथ केली, आणि त्याच ओढीने पेटीच्या स्वतंत्र वादनाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

मज्जाव सैल झाला तेव्हा आमचे बुवा हयात नव्हते. आक्षेप खोटा नव्हता. पट्टीला मींड आजही नाही. परंतु वाद्याची उणीव जेथे दिसते तेथूनच वादकाचे काम सुरू होते, हे शोपँ जाणत होते आणि बुवाही. शाळेच्या प्रार्थनेला जो विद्यार्थी पेटी वाजवितो, त्याने पट्टी दाबण्यापूर्वी ती ओळ एकदा गळ्याने म्हणून पाहावी, इतकीच माझी विनंती.