मॅचिंग कधी सुरू झालं? खण, लुगडं आणि आपलं कपाट

आजच्या एपिसोडमध्ये राजे नाहीत, लढाया नाहीत, किल्ले तर अजिबात नाहीत. आजचा इतिहास आपल्या कपाटात आहे. सकाळी ऑफिसला किंवा कॉलेजला निघायच्या आधी भरलेल्या कपाटासमोर उभं राहून आपण म्हणतो, "घालायला काहीच नाहीये." कपडे तर खचाखच भरलेले असतात. मग नाहीये म्हणजे नक्की काय नाहीये?

बहुतेक वेळा उत्तर असं असतं: कुर्ती आहे, पण तिच्यावरची ओढणी धुवायला टाकलीय. साडी आहे, पण त्या साडीचा ब्लाउज होत नाही. म्हणजे कपडा असतो, त्याची जोडी नसते. आणि जोडी हवीच, हा नियम आपल्याला इतका जुना वाटतो की तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला असणार असं आपण धरून चालतो. तसं नाहीये. मॅचिंगचा नियम आपल्याकडे फार अलीकडचा आहे, आणि त्याच्या आधीचं कपाट आपल्यापेक्षा जास्त हुशारीनं चालायचं. कसं, ते सांगते.

सुरुवात खणापासून करू. खण हल्ली सगळीकडे दिसतो. खणाच्या पिशव्या, खणाची डायरी, खणाचे कानातले. पण खण म्हणजे मुळात चोळीचं कापड. आजच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड नावाचं गाव आहे, तिथे हे कापड हातमागावर विणलं जातं आणि महाराष्ट्रात ते कित्येक पिढ्या वापरलं गेलंय. अरुंद पन्हा, अंगावर बारीक नक्षी आणि दोन्ही बाजूंना काठ. चोळी शिवताना तो काठ बरोबर बाहीच्या टोकाला यायचा. म्हणजे डिझाइन कापडातच केलेलं असायचं, शिंप्याला वेगळी लेस लावायची गरज नाही.

आता यातली गंमत बघा. हा खण बाईकडे यायचा कसा? बऱ्याचदा ओटीतून. खणानारळानं ओटी भरतात, आपण सगळ्यांनी पाहिलंय. हळदीकुंकू, डोहाळजेवण, माहेरी गेल्यावरची पाठवणी, प्रत्येक वेळी एक त्रिकोणी घडीचा खण पदरात. हा खण देणारीला तुमच्या घरात कोणत्या रंगाची लुगडी आहेत हे माहीत असायचं कारण नाही. त्यामुळे कोणताही खण कोणत्याही लुगड्यावर चालला पाहिजे, हे आधीपासूनच गृहीत होतं. ज्या व्यवस्थेत चोळीचं कापड भेट म्हणून येतं, तिथे मॅचिंग शक्यच नसतं!

आणि ते एकमेकांवर शोभायचंही. कारण लुगड्यांचे रंगही ठरावीक असायचे. इरकल घ्या. इरकल म्हणजे इलकल, हे गावही त्याच बागलकोट जिल्ह्यातलं. अंग गडद, पदर लालभडक, आणि ठसठशीत काठ. अशा गडद अंगावर नक्षीचा खण कुठलाही टाका, बिघडत नाही. काठ काठाला सांभाळून घेतो.

मी कोड लिहून पोट भरते, त्यामुळे मला हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. समजा एका बाईकडे 5 लुगडी आणि 4 चोळ्या आहेत. एकूण नग 9. कुठलीही चोळी कुठल्याही लुगड्यावर चालत असेल, तर 5 गुणिले 4, म्हणजे 20 वेगवेगळे पेहराव. आता दुसरी बाई घ्या. तिच्याकडे 5 साड्या आणि प्रत्येकीचा स्वतःचा मॅचिंग ब्लाउज. नग 10, पेहराव फक्त 5. एक नग जास्त आणि पेहराव पाऊणपट कमी. आमच्या कामात याला टाइट कपलिंग म्हणतात. दोन गोष्टी एकमेकींना इतक्या घट्ट बांधायच्या, की एक बंद पडली की दुसरीही निकामी.

पण थांबा, जुना काळ फार छान होता असं मी म्हणत नाहीये. ही सरमिसळ हौसेपेक्षा गरजेतून आलेली होती. लुगडं मध्येच विरलं की त्याचा फाटका भाग काढून टाकायचा आणि दुसऱ्या जुन्या लुगड्याचा बरा भाग त्याला जोडायचा. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसणारीला कोणी फॅशन विचारत नव्हतं. अगदीच विरलं की त्याचं बाळाचं दुपटं व्हायचं, नाहीतर गोधडी. म्हणून पुढे जेव्हा साडी आणि ब्लाउज एका रंगाचे मिळायला लागले, तेव्हा बायकांना ते हवंसं वाटलं, यात नवल काय? मॅचिंग म्हणजे "माझ्याकडे पुरेसं आहे" हे न बोलता सांगणं होतं.

मग हे एका रंगाचे कपडे आले कुठून? इथे एक योगायोग आहे. 1856 साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा 18 वर्षांचा मुलगा कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या रसायनांपासून क्विनाइन बनवायला गेला आणि हाती लागला जांभळा रंग. जगातला पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला कृत्रिम रंग. आणि त्याच 1856 साली मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांची सूतगिरणी चालू झाली. पुढच्या काही दशकांत रसायनशाळांमधून एकामागून एक रंग बाहेर पडले. 1897 मध्ये कृत्रिम नीळसुद्धा बाजारात आली. वनस्पतींपासून केलेला रंग घाणागणिक थोडा बदलायचा. कारखान्यात तोच रंग, तीच छटा, हजारो वार कापडावर पुन्हापुन्हा काढता येऊ लागली. मॅचिंग ही आधी रसायनशास्त्राची आणि गिरणीची करामत आहे, मग सौंदर्यदृष्टीची.

दुसरा बदल लांबीचा. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. कासोटा घालून नेसायची, आत परकर लागत नाही. विसाव्या शतकात शहरातल्या, शिकलेल्या घरांतून हळूहळू गोल साडी आली, पाचवारी आणि सहावारी. कापड कमी लागलं, पण सोबतच्या वस्तू वाढल्या. गोल साडीला आत परकर हवा. खालच्या काठाला फॉल हवा, कडेला पिको हवं. चोळीचं पोलकं झालं आणि पोलक्याचा ब्लाउज. आणि या सगळ्याचा रंग साडीशी जुळायला हवा! त्यासाठी बाजारपेठेत एक खास दुकान जन्माला आलं, त्याचं नावच मॅचिंग सेंटर. भिंतभर टू बाय टू रुबियाचे तागे, छटेप्रमाणे लावलेले. गिऱ्हाईक साडी घेऊन येणार, दुकानदार ती उजेडात नेऊन ताग्याला लावून बघणार, "ताई, हा थोडा फिका होईल, हा घ्या." आपल्या आयांनी आयुष्यातले कित्येक तास त्या काउंटरवर घालवलेत. पुढे साडीलाच ब्लाउजपीस जोडून यायला लागला आणि जोडी मागावरच पक्की झाली.

पंजाबी ड्रेस आला तोही तीन तुकड्यांचा सेट म्हणून. ड्रेस मटेरियल घ्या, त्यात वरचं, सलवारीचं आणि ओढणीचं कापड एकत्र. एक विरलं की बाकी दोन पडून. पुरुषांचं मात्र वेगळं. पांढरा शर्ट कुठल्याही पँटवर चालायचा. त्यांनीही एकदा सेटचा प्रयोग केला, सफारी सूट. तो आता जुन्या लग्नांच्या अल्बममध्ये सापडतो.

इथपर्यंत वस्तूंची गोष्ट झाली. पण कपडे कसे जोडायचे, कसे नेसायचे, हे ठरवायचा अधिकार कोणाला होता? मला या विषयातला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो. त्यासाठी दोन प्रसंग सांगते.

पहिला 1883 चा. आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच राहीन, असं त्यांनी जाण्यापूर्वी श्रीरामपूरच्या भाषणात जाहीर केलेलं. म्हणजे गाउन घालायचा नाही. पण फिलाडेल्फियाची थंडी तर खरी होती, आणि नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात. त्यांनी मार्ग काढला तो आपल्याच देशातल्या दुसऱ्या पद्धतीचा: आत परकर आणि वर गुजराती पद्धतीनं नेसलेली साडी. शब्दही पाळला, पायही झाकले. 1885 च्या ऑक्टोबरमधला त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली यांच्यासोबतचा. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. तो फोटो बघताना लक्षात ठेवा, की आनंदीबाईंची ती साडी परंपरेतून जशीच्या तशी उचललेली नाही. वीस-एकवीस वर्षांच्या मुलीनं हवामान, समाज आणि स्वतःचं मन या तिघांना सांभाळून जुळवलेला तो पेहराव आहे.

दुसरा प्रसंग महाडचा, डिसेंबर 1927. चवदार तळ्याच्या लढ्यातली दुसरी परिषद, जिथे 25 डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले, आणि कपड्यांबद्दल बोलले. त्या काळी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या बायकांचं लुगडं गुडघ्याशी वर खोचलेलं असायचं, गळ्यात आणि मनगटापासून कोपरापर्यंत चांदीचे नाहीतर कथलाचे दागिने. या खुणांवरून लांबूनच जात ओळखू यायची. बाबासाहेबांनी सांगितलं की या खुणा टाका. इतर बायका नेसतात तसं पायघोळ लुगडं नेसा. आणि त्यांनी एक व्यवहारी मुद्दा मांडला: याला जास्त पैसा लागत नाही. लुगडं तेच, नेसायची तऱ्हा बदलायची. त्या बायकांनी ते मनावर घेतलं आणि परिषद संपायच्या आत नेसण बदललं.

विचार करा. एकही नवा कपडा विकत न घेता केलेला हा बदल आहे. पेटीत होतं तेच लुगडं. पण ते घोट्यापर्यंत सोडणं म्हणजे "मी कोण हे माझ्या कपड्यावरून तुम्ही ठरवायचं नाही" असं गावाच्या रस्त्यावर चालत सांगणं. त्याची किंमत पैशात नव्हती, धाडसात होती. आपण "आज काय घालू?" असं सहज म्हणतो. हा प्रश्न स्वतःला विचारता येणं हीसुद्धा कोणीतरी मिळवून दिलेली गोष्ट आहे.

आता आपल्या काळाकडे येते. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली. सुमारे अडीच लाख कामगार. त्यानंतर गिरणगाव पुन्हा पहिल्यासारखं उभं राहिलं नाही. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे. जिथे कापड बनायचं तिथेच आता तयार कपडे विकले जातात, आणि आपण वीकएंडला तिथे सेल बघायला जातो.

तयार कपड्यांच्या या बाजारानं एक गोष्ट मात्र नकळत परत आणली. कुर्ती सुटी मिळायला लागली. सलवार गेली, लेगिंग आली, काळी, पांढरी, मरून. एका लेगिंगवर पाच कुर्त्या. म्हणजे खण आणि इरकलचंच गणित! खाली गडद आणि साधं, वर नक्षीदार, आणि कोणीही कोणाशी बांधलेलं नाही. साडीवरही आता मुद्दाम वेगळ्या रंगाचा ब्लाउज घालतात आणि त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. आपल्या पणजीला त्यासाठी वेगळा शब्द लागत नव्हता.

तर मग उद्या सकाळी करून बघण्यासारखं काय? हँगरवरच्या जोड्या सोडवा. गोदरेजनं 1923 पासून पोलादी कपाटं बनवायला घेतली. त्याआधी घरोघरी कपडे पेटीत नाहीतर दांडीवर असायचे, लुगडी एकीकडे आणि चोळ्या एकीकडे. हँगरवर साडी-ब्लाउज, कुर्ता-ओढणी एकत्र टांगायची सवय आपल्याला लागली आणि डोळ्यांना ती जोडीच दिसायला लागली. वरचे कपडे एका कप्प्यात ठेवा, खालचे दुसऱ्या, ओढण्या तिसऱ्या. गडद आणि साधे दोन-तीन कपडे पाया म्हणून धरा आणि बाकीचे त्यांच्यावर लावून बघा. ज्या ड्रेसची सलवार फाटली म्हणून तो तळाशी गेलाय, त्याची ओढणी वर काढा. काही जोड्या फसतील, फसू द्यात. आणि "हा परवाच घातला होतास ना?" असं कोणी विचारलं, तर खुशाल हो म्हणा. परवा तो दुसऱ्या कशावर घातला होता.

तुमच्या घरात खणाची जुनी चोळी किंवा दंड घातलेलं लुगडं असेल, तर आजीला, आत्याला त्याची गोष्ट विचारा आणि ती रेकॉर्ड करून ठेवा. कपडा विरतो, पण तो कोणी कशावर घालायचं हे सांगणारी माणसं त्याच्याही आधी निघून जातात. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर कपाट उघडा!