क्रश्को येथील वाटणी

एकत्र कुटुंब विभक्त होते तेव्हा घरादाराबरोबर कर्जाचीही वाटणी करावी लागते, आणि पंचांची खरी कसोटी या कर्जापाशीच लागते. राज्ये विभक्त होतात तेव्हाही याचा प्रत्यय येतो. स्लोव्हेनियातील क्रश्को येथील अणुवीजकेंद्राचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

सावा नदीकाठच्या या केंद्राची पायाभरणी १९७४ मध्ये झाली. स्लोव्हेनिया व क्रोएशिया ही तेव्हा युगोस्लाव्हियाची घटक प्रजासत्ताके होती. खर्च निम्मा आणि वीजही निम्मी, हे या भागीदारीचे सूत्र होय. वेस्टिंगहाउस बनावटीच्या येथील एकमेव अणुभट्टीतून १९८३ पासून व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. पुढे १९९१ मध्ये दोन्ही प्रजासत्ताके स्वतंत्र झाली आणि सामाईक केंद्र परक्या भूमीत गेल्याचे क्रोएशियास आढळून आले. १९९८ मध्ये स्लोव्हेनियाने त्याचा वीजपुरवठाच थांबविला. अखेर २००१ चा करार २००३ मध्ये अमलात आला. मालकी व वीज समसमान ठरली. किरणोत्सारी कचऱ्याची विल्हेवाट ही संयुक्त जबाबदारी मानली गेली. एकमत न झाल्यास प्रत्येकाने निम्मा कचरा न्यावा, असेही ठरले.

वीज मोजून वाटता येते. कचऱ्यास मात्र जागा लागते. स्लोव्हेनियाने अल्प व मध्यम किरणोत्सारी कचऱ्यासाठी २००९ मध्ये केंद्रानजीकची व्र्बिना ही जागा मुक्रर केली. या कचऱ्यासाठी समाईक भांडार उभारणे शक्य नाही, असे २०१९ मध्ये उभय पक्षांनी मान्य केले. क्रोएशियाने आपल्या हिश्शासाठी चेर्केझोवात्स येथील जुने लष्करी कोठार निवडले. ते बॉस्नियाच्या सरहद्दीलगत असल्यामुळे ऊना नदीच्या खोऱ्यातून त्यास तीव्र विरोध झाला. या केंद्रात ज्यांचा कधीच हिस्सा नव्हता, त्यांच्या दाराशी अशा रीतीने हे कर्ज येऊन ठेपले.

भुक्त इंधनाचा प्रश्न याहून बिकट आहे. २०२३ पासून ते केंद्राच्या आवारातच कोरड्या साठवणीत हलविले जाऊ लागले. परंतु ही व्यवस्था अंतिम नव्हे. त्यातील प्लुटोनियम-२३९ चे अर्धायुष्य सुमारे २४,१०० वर्षांचे आहे. याउलट, ज्या राज्याच्या भरवशावर हे केंद्र उभारले, ते पायाभरणीनंतर अवघ्या सतरा वर्षांत मोडले. कोणत्याही करारात करार करणाऱ्यांचे अस्तित्व गृहीतच असते. क्रश्को येथे नेमके तेच गृहीत प्रथम कोसळले, ही गोष्ट लहान राष्ट्रांनीच नव्हे, तर मोठ्यांनीही ध्यानात घ्यावयास हवी.