वाळवणाला बुरशी का येते आणि ते पुन्हा वाळवून खावे का?

"डॉक्टर, चांगले कडक ऊन दिले होते, तरी बुरशी आली." पावसाळ्यात ही तक्रार नेहमी ऐकू येते. ऊन दिलेले असते, पण आतले पाणी तिथेच राहिलेले असते.

कोणताही पदार्थ दोन टप्प्यांत वाळतो. आधी पृष्ठभागावरचे पाणी उडते. हे भराभर होते आणि उन्हाइतकेच वाऱ्यावर व हवेच्या दमटपणावर अवलंबून असते. पुढे आतले पाणी हळूहळू बाहेर यावे लागते, आणि खरा वेळ इथे जातो. वाळवणाचे गणित मांडणारे अभियंते इथे एक ढोबळ नियम वापरतात: जाडी दुप्पट, तर वेळ चौपट. म्हणून पातळ वेफर लवकर होतात, जाड सांडग्यांना मात्र आणखी उन्हे द्यावी लागतात. सुरुवातीलाच फार उष्णता दिली, तर वरचा थर कडक होऊन ओल आत कोंडते. रात्री उघडे राहिलेले वाळवण हवेतली ओल परत शोषते.

बुरशीला लागते ते पदार्थातले 'मोकळे' पाणी. ते ० ते १ या मापात मोजतात, ०.६ च्या खाली जंतू किंवा बुरशी वाढत नाही. मीठ आणि साखर पाणी बांधून ठेवतात, म्हणून मुरांबा ओला असूनही टिकतो.

शेंगदाणे, मका, मिरची आणि सुके खोबरे यांबाबत विशेष जपा. त्यांवरील काही बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार करतात. १९७४ मध्ये राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल भागात असा मका खाऊन कावीळ व जलोदर झाले, शंभराहून अधिक माणसे दगावली. पुन्हा ऊन दिल्याने बुरशीची वाढ थांबते, पण आधी तयार झालेले विष तसेच राहते. भाजून किंवा तळूनही ते पूर्ण जात नाही. त्यामुळे बुरसलेले शेंगदाणे निवडून वापरू नका, सगळे टाकून द्या. जनावरांनाही घालू नका.

डब्यात भरण्यापूर्वी सर्वांत जाड तुकडा मोडून पाहा. शंका असल्यास थोडे वाळवण पूर्ण गार करून काचेच्या बरणीत रात्रभर बंद ठेवा. सकाळी आतून दव दिसले, तर आणखी ऊन हवे.

हिपॅटायटिस बी असलेल्यांना या विषामुळे यकृताच्या कर्करोगाचा धोका अनेक पटींनी वाढतो. बुरसलेले अन्न खाल्ल्यानंतर डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली किंवा पोट फुगले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि काय खाल्ले तेही सांगा.