लव्हबर्ड : नाव आणि स्वभाव

बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून जो चिमुकला पक्षी विकला जातो, तो बहुधा लव्हबर्ड नसतोच. मानेपासून पाठीपर्यंत काळ्या रेघा असलेला तो पक्षी म्हणजे ऑस्ट्रेलियाचा बजरीगर. जॉन गूल्ड ह्या पक्षितज्ज्ञाने १८४० साली तो इंग्लंडात जिवंत आणला.

खरे लव्हबर्ड हे आखूड शेपटीचे, आफ्रिकेचे पोपट. त्यांच्या जाती नऊ. पैकी एक मादागास्कर बेटावरची. जोडीतील पक्षी अंगाला अंग लावून बसतात, एकमेकांची पिसे विंचरतात. १८३६ साली सेल्बी ह्या इंग्रज निसर्गाभ्यासकाने ‘प्रेम’ आणि ‘पक्षी’ हे ग्रीक शब्द जोडून त्यांच्या गणाला ‘अगापोर्निस’ हे नाव दिले.

माणसाचे प्रेम मात्र त्यांना महाग पडले. आजच्या झांबियाच्या नैर्ऋत्य भागात काळ्या गालांची एक जात राहते. पाळण्याची हौस वाढली, आणि १९२९ साली अवघ्या चार आठवड्यांत ह्या जातीचे सोळा हजार पक्षी पकडले गेले. पुढे बंदी आली. तथापि आजही ही जात संकटग्रस्तांतच मोडते.

नाव गोड असले तरी स्वभाव तेवढाच तिखट आहे. अनोळखी पक्षी पिंजऱ्यात आला, की चावे घेऊन त्याला जखमी करण्यास हे कचरत नाहीत. आणि हा स्वभाव उपजत असतो. अमेरिकेतील विल्यम डिल्गर ह्यांनी १९६२ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. लव्हबर्डची एक जात घरट्यासाठी कातरलेल्या पट्ट्या पिसांत खोचून नेते, दुसरी चोचीत धरून. दोहोंच्या संकरातून झालेली पिले खोचू पाहत आणि फसत. चोचीचा मार्ग पुरता साधण्यास त्यांना तीन वर्षे लागली!

तेव्हा पाळणाऱ्याने पक्ष्याच्या स्वभावास अनुसरून वागावे. पंख पसरून उडता येईल एवढा रुंद पिंजरा द्यावा, कुरतडण्यास ओल्या फांद्या द्याव्यात. नुसत्या दाण्यावर न ठेवता पालेभाजी व फळे घालावीत. अव्होकॅडो मात्र विषारी. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या धुराने पक्षी काही मिनिटांत दगावतो, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नसावा. जोडीदार गेला तर दुसरा प्राणत्याग करतो, ही समजूत खरी नव्हे. नवा सोबती तो स्वीकारतो. परंतु दोघांची ओळख आधी शेजारशेजारच्या पिंजऱ्यांतून, सावकाश करून द्यावी. एकटेपण मात्र त्याला सोसत नाही. ज्याच्या घरी दिवसभर कोणी नसते, त्याने एकटा पक्षी आणूच नये.