विरघळत्या कापडावरील शिल्पभरतकाम

पाण्यात विरघळणाऱ्या आधारावर उरलेसुरले धागे शिवून घडवलेली त्रिमितीय कलावस्तू. आधार बहुधा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा असतो. त्याच्या दोन थरांमध्ये धाग्यांचे तुकडे पसरून ते थर भरतकामाच्या रिंगमध्ये ताणतात. मग शिलाई मशीनचे कापड सरकवणारे दाते खाली करून हव्या त्या दिशेने टाके घालतात. टाके एकमेकांत अडकवणे हेच यातले खरे कसब. नाहीतर आधार विरघळवण्यासाठी धुताना टाक्यांची सारी जाळी सुटते. आधाराचा थोडा विरघळलेला अंश मुद्दाम राखला, तर तो खळीचे काम करतो आणि वाडग्यावर वाळवलेली जाळी वाडग्याचा आकार धरते. एकोणिसाव्या शतकात स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथे बहरलेली रासायनिक लेस ही या तंत्राची पूर्वज. तिचे आधारवस्त्र रसायनांनी विरघळवीत. खळीवर उभी राहिलेली शिल्पभरतकामाची वस्तू मात्र ओलाव्यापासून जपावी लागते.