एका गुणसूत्राचे 48 तास

प्रयोगशाळेतल्या बशीत वाढणारी माणसाची एक पेशी. एका विभाजनापासून दुसऱ्यापर्यंत तिला साधारण 24 तास लागतात. इथे अशा दोन फेऱ्या आहेत. दुसरी संपेल तेव्हा एका गुणसूत्राच्या ठिकऱ्या झालेल्या असतील. गडबड दिसताच पेशीला थोपवणारं पी-53 हे प्रथिन हिच्यात आधीपासूनच निकामी आहे. वेळा ढोबळ आहेत.

उणे 48 तास
पेशी नुकतीच जन्मली. 46 गुणसूत्रं केंद्रकात सैल पसरली आहेत, सूक्ष्मदर्शकातून एकही वेगळं ओळखू येत नाही. सगळा डीएनए सरळ केला तर सुमारे 2 मीटर भरेल. पुढचे 11 तास पेशी फक्त वाढते.

उणे 37 तास
डीएनएची नक्कल सुरू. हजारो जागी पेड सुटतात आणि प्रत्येक जागी मिनिटाला दोनेक हजार अक्षरं उतरवली जातात. दुरुस्त्या धरून शेवटी उरणारी चूक अब्जात एखादी. तयार होणाऱ्या जुळ्या प्रती कोहेसिन या प्रथिनाच्या कड्यांनी एकमेकींना बांधल्या जातात.

उणे 29 तास
नक्कल पूर्ण. गुणसूत्रं अजूनही 46च, पण प्रत्येक दुपेडी. म्हणजे एकूण 92 प्रती.

उणे 25 तास
गुणसूत्रं आखडून जाड होतात, केंद्रकाचं आवरण विरघळतं. पेशीच्या दोन ध्रुवांकडून तर्कुतंतू येतात, चाचपडतात, मागे सरतात, पुन्हा येतात. जुळ्यांपैकी एकीला एका ध्रुवाने धरायचं, दुसरीला दुसऱ्याने.

उणे 24 तास 40 मिनिटं
एका गुणसूत्रावर घोटाळा होतो: एकाच प्रतीला दोन्ही ध्रुवांचे तंतू चिकटतात. हे नेहमीचंच. ऑरोरा बी हे विकर अशा चुकीच्या पकडी सोडवत असतं. ही एक मात्र राहून जाते.

उणे 24 तास 20 मिनिटं
शेवटची तपासणी. एखादी प्रत मोकळी असेल तर तिच्यावरचं मॅड-2 हे प्रथिन सगळं विभाजन रोखून धरतं. पण ही तपासणी म्हणजे हजेरीपट: सही झाली की माणूस हजर, मग तो कोणाच्या जागेवर बसलाय हे कोणी बघत नाही. आपल्या गुणसूत्राला तंतू चिकटलेले आहेत. हरकत संपते.

उणे 24 तास 15 मिनिटं
सेपरेज हे विकर कोहेसिनची कडी तोडतं. 91 प्रती आपापल्या ध्रुवाकडे निघतात. एक मधोमध अडकते, दोन्हीकडून ओढली जाते.

उणे 24 तास
दोन नव्या पेशी. मागे राहिलेली प्रत योग्य त्याच पेशीत पोचते, त्यामुळे मोजदादीत दोन्हींकडे 46. फक्त ती मुख्य केंद्रकात नाही. तिच्याभोवती वेगळं आवरण तयार झालंय, एक सूक्ष्मकेंद्रक. हे आवरण कच्चं असतं आणि प्रथिनांना आत घेणारी छिद्रं त्यात अपुरी असतात.

उणे 13 तास
मुख्य केंद्रकात नक्कल वेळेवर सुरू होते. सूक्ष्मकेंद्रकात लागणारी प्रथिनं पोचत नाहीत. नक्कल रेंगाळते, जागोजागी अडते.

उणे 8 तास
कच्चं आवरण फाटतं. पेशीद्रव आत शिरतो, डीएनए तुटू लागतो.

उणे 1 तास
पेशी पुन्हा विभाजनाला निघते. 45 गुणसूत्रं तयार आहेत. शेहेचाळिसावं अर्धवट नकललेलं आणि मोडलेलं, तरी तेही ओढलं जातं.

शून्य
काही तुकडे एका पेशीत, काही दुसरीत, काही कायमचे गहाळ. दुरुस्ती करणारी विकरं सुटी टोकं दिसतील तशी जोडून टाकतात, क्रम आणि दिशा न बघता.

त्यानंतर
अशा जोडाजोडीचा माग 2011 साली ब्रिटनमधल्या सँगर इन्स्टिट्यूटच्या संशोधकांना रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाच्या डीएनएत लागला. क्रोमोथ्रिप्सिस हे नाव त्यांनीच दिलं. सर्व कर्करोगांत 2 ते 3 टक्के आणि हाडांच्या कर्करोगांत सुमारे 25 टक्के, असा त्यांचा तेव्हाचा अंदाज होता. 2015 साली बोस्टनमधल्या डेव्हिड पेलमन यांच्या गटाने पी-53 दाबलेल्या जिवंत पेशींवर नजर ठेवली आणि विभाजनानंतर दोन्ही पेशींचा डीएनए वेगवेगळा वाचला. सूक्ष्मकेंद्रकातून एवढी मोडतोड व्हायला पेशीचं एकच चक्र पुरतं, हे त्यातून दिसलं.

कर्करोग वर्षानुवर्षं, एकेक बिघाड साचत होतो, हा समज खोटा नाही. पण कधीकधी त्या वाटेचा मोठा टप्पा दोन दिवसांत उरकतो, तोही तपासणीला चूक म्हणून दिसतच नाही अशा एका पकडीपायी.